फराळाखाली ठेवलेलं पुस्तक

माझ्या नातवंडांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकटीनं विचारलं, "आजी, तुझं ऐकून कुणी ख्रिस्ती झालं का गं?" मी "नाही" म्हणाले आणि बोलणं दुसऱ्याच विषयावर गेलं. त्या एका शब्दावर हा विषय मिटू नये असं वाटलं. शिवाय या नाताळात समोरच्या दारात जे घडलं ते अजून ताजं आहे, म्हणून आत्ताच लिहिते.

लोहाऱ्यात मी शाळेत इंग्रजी शिकवायला आले, तेव्हापासून समोर अक्का राहतात. त्या लिंगायत, माहेर कर्नाटकातलं. गळ्यात चांदीच्या डबीत त्यांचं इष्टलिंग असतं. त्या मला 'बाई' म्हणतात. सणाला आमचं ताट त्यांच्याकडे जातं, त्यांचं आमच्याकडे येतं, आणि ताट रिकामं परत करायचं नाही ही इथली रीत.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका नाताळच्या फराळाबरोबर शुभवर्तमानाची छोटी प्रत देत. निवृत्त झाले त्या वर्षी मीही दिली. करंज्यांच्या खाली, कागदात गुंडाळून.

दुसऱ्या दिवशी अक्का स्वतः आल्या. ताटात शेंगांच्या पोळ्या होत्या आणि पुस्तक हातात वेगळं.

"करंज्या लई चांगल्या झाल्या, बाई. पर ह्ये खाली कशाला ठिवलं?"

"माझ्या देवाचं आहे, अक्का. तुम्ही वाचावं म्हणून."

"मग हातात द्यायचं. खाण्याखाली देव लपून येतो व्हय? माशाला गळ लावत्यात तसं वाटलं मला." मग गळ्यातल्या डबीवर हात ठेवून म्हणाल्या, "ह्योबी माझा झाकलेलाच हाय. पर म्या कुणाच्या ताटात घालत न्हाय."

पुस्तक ओट्यावर ठेवून त्या गेल्या. मला वाटलं, ही आता शेवटची पोळी. ते दार बंद झालं तर इथं माझं असं दुसरं कोण होतं? तुमचे आजोबा त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेले होते. पण ज्या आशेवर मी ते दुःख सोसलं, तिच्याबद्दल सर्वांत जवळच्या माणसाशी गप्प राहायचं, हेही पटेना.

चार दिवसांनी दुपारी मी रिकाम्या हातानं गेले. अक्का सुपात तूर निवडत होत्या.

"अक्का, माझ्या देवाबद्दल तोंडानं सांगू का?"

"सांगा की. हात गुंतल्यात, कान मोकळे हायत."

मी सांगितलं. ज्यांनी खिळे ठोकले त्यांनाच क्षमा करणारा प्रभू, त्याची रिकामी कबर, आणि आजोबा मला पुन्हा भेटतील हा भरवसा. अक्कांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तुमचं तुमाला लाभू द्या. मला न्हाय लागायचं, माझा हाय माझ्यापाशी. आता तूर निवडू लागा." मी सूप पुढं ओढलं.

तेव्हापासून असंच चालत आलं. मी सांगते, त्या नको म्हणतात, मग त्या बसवण्णांचं सांगतात आणि मी ऐकते.

या नाताळात ताट घेऊन गेले तर दारात त्यांचा मुलगा, पुण्याहून आलेला. हात जोडून म्हणाला, "काकू, राग मानू नका. आईला तुमच्या धर्माचं काही सांगत जाऊ नका. दिवस बरे नाहीत, लोक बोलतात. फराळही नको."

ताट हातात तसंच. मी वळणार, तोच आतून आवाज आला.

"आरं, इतकी वर्सं म्या सवता 'नको' म्हनत आल्ये. तुला माझ्यापरीस जोरात म्हनता येतं व्हय?"

"आई, तुला कळत नाही गं..."

"मला बाटवायचं असतं तर बाई आजवर थांबल्या असत्या व्हय? सरक. बाई, या आत."

तो सरकला. हसला नाही, पण सरकला. त्याची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. बाहेर काय बोलतात ते मलाही ऐकू येतं. त्या दिवशी मी आपण होऊन प्रभूचं नाव काढलं नाही. करंजी मोडत अक्काच म्हणाल्या, "आज गप का? सांगा की, ह्यालाबी ऐकू द्या." मग मी सांगितलं. तो मोबाइलमध्ये बघत बसून राहिला.

अक्का ख्रिस्ती झाल्या नाहीत आणि होतील असं वाटत नाही. मी प्रार्थनेत त्यांचं नाव घेते, हे त्यांना ठाऊक आहे. संक्रांतीला ताट परत आलं, तुमच्या आजोबांचं नाव कोरलेलं तेच स्टीलचं ताट, आणि त्यात शेंगांच्या पोळ्या होत्या.