वेरिबीला अडकलेल्या आत्या

गॅस पेटवायच्या आधी आत्या सगळा स्वयंपाक मनातल्या मनात एकदा करून घ्यायच्या. डाळ भिजलेली, भाजी चिरलेली, कणीक मळून झाकलेली, फोडणीचं साहित्य वाटीत काढलेलं. मग ओट्यासमोर क्षणभर उभं राहून सगळ्यावरून नजर फिरवायची आणि मगच बर्नर लावायचा. भात, वरण, बटाटे एकाच कुकरमध्ये. तो उतरला की लगेच तवा. मी बघतच राहायचे. मी गॅस पेटवून मग कांदा शोधायला लागणारी बाई!

आत्या म्हणजे निखिलच्या, माझ्या नवऱ्याच्या आत्या. आई लवकर गेल्यामुळे निखिल मिरजेला त्यांच्याकडेच वाढला. आमचं घर बघायला म्हणून त्या तीन महिन्यांसाठी मेलबर्नजवळ वेरिबीला आल्या आणि कोविड आला. विमानं बंद झाली. निखिल शहरातल्या एका हॉटेलात शेफ होता, ते हॉटेल बंद झालं. माझ्या चाइल्डकेअरमधल्या शिफ्ट्स निम्म्यावर आल्या. आत्यांना काही कळू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. पण एक दिवस चहा घेताना त्या सहज म्हणाल्या, "निखिल, तू तोंड लपवत घरात फिरू नकोस. नोकरी गेलीय, अब्रू नाही गेली. आणि सूनबाई, उद्यापासून स्वयंपाकघर माझ्याकडे दे."

त्यांनी आमचं खाणं कमी केलं नाही. फेकणं बंद केलं. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात, दुधीच्या सालांची चटणी, फ्लॉवरच्या दांड्याची तीळ लावून भाजी. कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग किसून त्याची थालीपीठं केली, तेव्हा निखिलने दोन खाल्ल्यावर विचारलं, "काकडी कुठून आणलीस गं?" दुधाची तारीख जवळ आली की पनीर, आणि त्या निवळीत कणीक. सुपरमार्केटमध्ये मी जाताना त्या एकच सांगायच्या, "पोटभर खाऊन जा. उपाशी माणूस भलतंच उचलतो."

घराकडेही त्यांचं असंच लक्ष. थंडी सुरू होऊन आठवडाही झाला नसेल, तेव्हा एका सकाळी मला हाताला धरून खिडकीपाशी घेऊन गेल्या. "अगं, इथला सूर्य उत्तरेकडून जातो बघ. तुम्ही नेमके तेच पडदे बंद ठेवता आणि हीटर लावून बसता." आम्ही इथे वर्षानुवर्षं राहत होतो आणि सूर्य कुठून जातो ते पाहिलं नव्हतं! त्या हिवाळ्यात दिवसभर ते पडदे उघडे असायचे. ऊन कलायला लागलं की आत्या ते ओढून घ्यायच्या, दाराखालच्या फटीला जुन्या टॉवेलची गुंडाळी लावायच्या आणि सगळ्यांना एकाच खोलीत बोलवायच्या. वेगवेगळ्या खोल्यांत आपापल्या काळज्या घेऊन बसणारे आम्ही दोघं त्यामुळे पुन्हा एकमेकांशी बोलायला लागलो. त्यात त्यांना नक्की काय वाचवायचं होतं, कोण जाणे.

शेजारच्या घरात हरप्रीत आणि तिची मैत्रीण भाड्याने राहायच्या. दोघी युनिव्हर्सिटीत नर्सिंग शिकत होत्या आणि एका कॅफेत काम करायच्या. कॅफे बंद झाला. एक दिवस आत्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालता घालता थांबल्या. "त्या पोरींकडून फोडणीचा वास येत नाहीये हल्ली," त्या म्हणाल्या. "जेवत नाहीयेत त्या."

मी डबा भरायला निघाले तर मला अडवलं. "नुसता डबा दिलास तर घेणार नाहीत. घेतला तरी घास उतरणार नाही." मग मास्क लावून कुंपणापाशी गेल्या आणि त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, "बेटी, तुम्हारे झाड पे नींबू सड रहे हैं. मुझे दे दो. अचार डालूंगी, आधा तुम्हारा."

हरप्रीतने बादलीभर लिंबं आणून दिली. "आँटीजी, सब ले लो ना!" त्या दिवसापासून कुंपणावरून इकडून डबे जायला लागले आणि तिकडून लिंबं यायला लागली. पुढे कुंपणाच्या दोन बाजूंना दोघींची शाळाच सुरू झाली. मूठभर मुगाला मोड आणून त्यातून काय काय करता येतं, ते आत्या अलीकडून सांगायच्या आणि हरप्रीत पलीकडे करून बघायची. थोड्याच दिवसांत तिकडूनही फोडणीचा वास यायला लागला.

त्याच सुमारास मिरजेहून फोन आला. आत्यांची धाकटी बहीण, शालूआत्या, कोविडने गेली. जायला विमान नव्हतं. सगळं फोनवर पाहावं लागलं. आत्या रडल्या नाहीत. फोन पालथा ठेवला आणि परसात जाऊन बराच वेळ बसून राहिल्या.

तेराव्याला मात्र त्यांनी डबे काढले. जपून ठेवलेलं साजूक तूप, काजू, केशर, सगळं ओट्यावर मांडलं आणि शालूआत्यांच्या आवडीच्या सांज्याच्या पोळ्या करायला घेतल्या. तूप हात न आखडता सोडत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, सगळं?"

"अगं, मग जपलं कशासाठी होतं?" त्या म्हणाल्या आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी शेजारी गेलेला डबा मला दोन हातांनी उचलावा लागला.

पुढे निखिलला दुसरीकडे काम मिळालं. हरप्रीत नर्स झाली, आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्रेगीबर्नला असते. शेवटी आत्यांच्या परतीच्या विमानाचंही जमलं. निघायच्या दिवशी बॅगा गाडीत चढवताना त्या हळूच म्हणाल्या, "इथून समुद्र जवळ आहे म्हणे."

निखिल थबकला. इतक्या महिन्यांत त्यांनी स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं. त्याने गाडी किनाऱ्याकडे वळवली.

वारा बोचरा होता. आत्यांनी चपला काढून हातात घेतल्या, नऊवारीचा घोळ वर खोचला आणि थेट पाण्यात गेल्या. लाटा पायांवर येत होत्या, जात होत्या. त्या मान वर करून उभ्या होत्या. थोड्या वेळाने निखिलने हाक मारली, "आत्या, चल ना. उशीर होईल."

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"होऊ दे रे थोडा," त्या म्हणाल्या आणि आणखी एक पाऊल आत गेल्या.