बल्ली पाजींचा उजवा हात

बल्ली पाजी उजव्या हातानं कुणाशी हात मिळवत नसत. चंडीगडच्या भर जूनमध्येसुद्धा त्या हातात लोकरीचा मोजा असे. दार कोपरानं ढकलायचे, भाजीची पिशवी डाव्या हातात धरायचे. पहिल्यांदा आमच्या इस्पितळाच्या क्वार्टरवर आले तेव्हा आईला वाटलं, यांचा हात भाजलाय. तिनं बर्नॉल शोधायला घेतलं. तेव्हा त्यांनी मोजा काढून दाखवला. अंगठ्याची आणि तीन बोटांची नखं वाढवलेली, त्यांवर टेबल टेनिसच्या चेंडूचे पातळ तुकडे गोंदानं चिकटवून बारीक कानशीनं घासलेले.

"माताजी, लोग मुंदरी पहनते हैं, मैं टेबल टेनिस पहनता हूँ." मुंदरी म्हणजे अंगठी.

ते गिटार वाजवत. तारा छेडायची पत्री वापरत नसत, नुसत्या बोटांनी वाजवत. काल्काच्या रेल्वे कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन गार्डकडून शिकले होते. पोटासाठी इंडस्ट्रियल एरियात सायकलीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी. तिथंही त्यांनी नखांपायी बढती नाकारून तपासणीचं टेबल मागून घेतलं होतं, डाव्या हातानं मापाचं गेज लावता येईल म्हणून. "नौंह टुट्या, ते दस दिन गए," म्हणायचे. नख तुटलं की दहा दिवस फुकट.

माझी त्यांची गाठ युनिव्हर्सिटीच्या युवक महोत्सवात पडली. मी व्हायोलिन वाजवून खाली उतरलो, तर हा सहा फुटी सरदार समोर उभा. म्हणाला, "ओ मराठे, तेरा गज साँस नहीं लेता? दमा हो जाएगा उसको." माझं आडनाव मराठे नाही. पण त्या दिवसापासून मी त्यांचा मराठे झालो. मी बावीस वर्षांचा होतो, ते पस्तिशीच्या पुढचे.

तिसरा होता ओटिएनो, केनियाहून फार्मसी शिकायला आलेला. त्याच्याकडे त्याच्या गावचा ढोल होता. पाजींनी त्याच्या मांडीवर आपला पंजाबी मातीचा घडा ठेवला, त्याच्या बोटांत लोखंडी अंगठ्या घातल्या आणि म्हणाले, "अब इसको भी अपने गाँव का समझ." दर रविवारी दुपारी आम्ही तिघं आमच्या व्हरांड्यात बसायचो. पाजींच्या घरी बसता येत नसे. ऐंशीच्या दशकातले ते दिवस असे होते की सरदाराच्या घरी दोन-तीन परके सारखे जमले की कुणीतरी पोलिसांना सांगायचं. डॉक्टरांच्या क्वार्टरकडं कुणी बघत नव्हतं. आई पोहे करायची. पाजी त्याला चिवड्याचा पुलाव म्हणत आणि तीनदा घेत.

वाजवणं मात्र जमता जमत नव्हतं. मी सांगली-मिरजेच्या वळणाचं शिकलेलो. माझा कोमल गंधार त्यांच्या दोन पडद्यांच्या मधेच कुठंतरी पडायचा. ओटिएनो दोनाच्या जागी तीन मोजायचा. पाजी अंगठ्यानं खालच्या तारेवर ठेका धरून बसत आणि आम्हाला त्याभोवती फिरू देत. "अंगूठा घर का मालिक है. उँगलियाँ मेहमान हैं, आएँगी जाएँगी. मालिक घर छोड़ के नहीं जाता." आणि मला, "मेरे पर्दे लोहे के हैं, यार. झुकना तुझे पड़ेगा." मी झुकत नव्हतो. सगळ्या जागा भरून टाकायची मला सवय होती. मग ते वाजवणं थांबवून म्हणत, "बोल ले, बोल ले. हम दोनों पोहा खाते हैं."

एका रविवारी ते जमलं. दोन मिनिटं असेल, जास्त नाही. कुठला आवाज तारेचा, कुठला मातीचा, हे मला वाजवतानाही कळेना. थांबलो. पाजींनी मोजा चढवला, उठले, म्हणाले, "चलो, आज नहा लिया."

माझी लय पळायची. म्हणून जर्मनीतल्या काकांनी मेट्रोनोम पाठवला होता. चावी दिली की टिकटिक करत ठेका मोजणारं छोटं लाकडी यंत्र. पाजींना ते आवडत नसे. पण त्याची स्प्रिंग अडकली तेव्हा तेच म्हणाले, "ला इधर, वर्कशॉप में खोल दूँगा." मागची पाटी त्यांनी तिथंच काढली, सुटे भाग पडू नयेत म्हणून जुन्या तारेनं बांधलं आणि पिशवीत टाकलं. पिशवीत तारांची वेटोळी होती, गोंदाची ट्यूब होती, नखं साफ करायच्या रसायनाची बाटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या वळणावर पोलिसांचा नाका लागला होता. रेडिओत, डब्यात बॉम्ब सापडायचे ते दिवस. उघडं घड्याळी यंत्र, तारा, वास येणारी बाटली आणि वर पगडी. पाजींनी सांगितलं की यंत्र गाण्याचं आहे, डॉक्टरसाहेबांच्या मुलाचं आहे, त्याला विचारा.

दुपारी इन्स्पेक्टर आमच्याकडं आला. बाबा जेवायला घरी आले होते. माणूस अदबीनं बोलला. मेट्रोनोम व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवून म्हणाला, "काका, ये तुम्हारा है?" पंजाबीत काका म्हणजे पोरा.

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. माझा पासपोर्टचा अर्ज त्या इन्स्पेक्टरच्याच ठाण्यात पोलीस तपासणीसाठी पडून होता. परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. त्या क्षणी मला पाजी दिसले नाहीत. मला ती फाईल दिसली, आणि तिच्यावर कुणीतरी लाल शाईनं काहीतरी लिहितंय असं दिसलं.

मी म्हणालो, "नहीं जी. वो म्यूज़िक के लिए आते हैं. ये चीज़ मेरी नहीं है."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. ते यंत्र त्यांच्याच भावानं पाठवलेलं होतं. आता मुलाला खोटं पाडायचं किंवा गप्प बसायचं, एवढंच मी त्यांच्या हातात ठेवलं होतं. ते गप्प बसले. इन्स्पेक्टर गेल्यावर ताटावर परत बसले आणि आईला म्हणाले, "भात नको." या विषयावर आमच्यात पुढं कधीही शब्द निघाला नाही. बाबांच्या शेवटच्या दिवसांतही नाही.

पाजी अठरा दिवसांनी सुटले. कारखान्याच्या मालकानं खटपट केली. दरम्यान माझा पासपोर्ट आला होता.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो. ते खाटेवर बसले होते. उजव्या हातात मोजा नव्हता. नखं नव्हती, आणि अंगठा आत वळून तसाच राहिला होता. गिटार दिसली नाही. मी विचारलं नाही. पाजींची बायको, भाभीजी, मला वीरजी, म्हणजे भाऊ, म्हणायच्या; त्या पाणी देऊन आत गेल्या.

मला बघून ते हसले. "मराठे, ये लोग कितना झूठ बोलते हैं. मुझे कहते थे, लड़के ने मना कर दिया. मैंने कहा, तुम वहाँ गए ही नहीं. गए होते तो वो ख़ुद साथ आता." मग सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "नहीं आए थे ना?"

मी म्हणालो, "नहीं, पाजी. कोई नहीं आया."

पहिलं खोटं मी भीतीनं बोललो. त्यासाठी मी स्वतःला कधीकधी माफ करू पाहतो. या दुसऱ्यासाठी माझ्याकडं कारणही नाही. त्यांनी डाव्या हातानं माझा खांदा दाबला आणि म्हणाले, "वहाँ जा के जगह छोड़ के बजाना." मी तिकडं जाऊन वाजवलंच नाही.

बावीस वर्षांनी एका परिषदेसाठी चंडीगडला गेलो. सांगून टाकायचं असं ठरवून त्यांच्या घरी गेलो. पाजी तीन वर्षांपूर्वी वारले होते. भाभीजींनी ओळखलं, बसवलं. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग म्हणालो, "भाभीजी, उस दिन पुलिस हमारे घर..."

"पता है," त्या म्हणाल्या. "घर दिखाने मुझे ही ले गए थे. मैं गेट के बाहर जीप में बैठी थी, वीरजी. सब सुना."

 पुढं त्यांनीच सांगितलं, "उनको नहीं बताया. हाथ तो गया ही था. सोचा, यार तो रहने दूँ."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मुझसे क्यों माँगते हो? यार तो तुम उनके थे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. ज्यांच्याकडं माफी मागायला हवी होती, ते मला चांगला माणूस समजतच गेले. ते आता कुणाला दुरुस्त करता येणार नाही.