उतारावरचा सुसाट

त्याला सगळे सुसाट म्हणतात. नाव कुणी ठेवलं नाही, त्याने स्वतःच टाकीवर लाल अक्षरांत चिकटवून घेतलं. शेवटचं अक्षर उन्हाने कधीच उडालं, त्यामुळे लांबून नुसतं 'सुसा' दिसतं. वय बेचाळीस, पोट टाकीला टेकलेलं, केसांना काळा रंग आणि गाडी शंभर सीसीची. हिच्यासारख्या गाड्या दूधवाले वापरतात आणि त्याबद्दल कुणाला काही वाटत नाही. याला मात्र वाटायचं. हा स्वतःला रेसर समजायचा, आणि पाठीवरच्या पेटीत लोकांची लघवी असायची.

त्याचं काम तेच. दवाखान्यादवाखान्यांतून रक्तालघवीचे नमुने उचलायचे आणि आमच्या लॅबच्या खिडकीत आणून द्यायचे. खिडकीच्या आत मी बसते. नमुना आला की यंत्राने त्याचा स्टिकर टिपते आणि पुढे सरकवते. या पोरांची युनियनही मीच बांधली, कारण बाकी कुणाला भांडायला वेळ नव्हता आणि मला भांडल्याशिवाय अन्न पचत नाही.

मालकाने सुपरवायझर म्हणून आणून बसवला तो नेमका सुसाटचा साडू. धाकट्या मेहुणीचा नवरा. बूट चकचकीत, गळ्यात ओळखपत्र घरीसुद्धा, आणि बुडाखाली दीडशे सीसी. दोघांची गाठ सासऱ्याच्या घरी सुट्टीच्या दिवशी पडायची. सगळी मंडळी जेवायला बसली की साडू पाण्याचा घोट घेऊन म्हणायचा, "साडूभाऊ, परवा तुमची गाडी रस्त्यात दिसली. बंद पडली समजून मी मदतीला थांबलो, तर ती चालू होती."

सासरा हसायचा, मेहुणी हसायची, आणि सुसाटची बायको हसू दाबायला स्वयंपाकघरात जायची. तिकडून तिचं हसू ऐकू यायचं.

अशाच एका जेवणानंतर दुसऱ्या दिवशी सुसाट मेकॅनिककडे जाऊन उभा राहिला. आमच्या गल्लीतला हा मेकॅनिक मोठा धोरणी. गिऱ्हाईक सांगेल ते निमूट बसवतो, कारण आठवड्याने तेच काढायला गिऱ्हाईक परत येणार हे त्याला ठाऊक असतं.

"टॉप स्पीड वाढवायचाय," सुसाट म्हणाला.

"इंजिन बदलणार?"

"चेनसेट बदल. पुढचं स्प्रॉकेट एका दात्याने मोठं टाक, मागचं चार दात्यांनी लहान. मी सगळं बघून आलोय."

"बघून आलाय तर मी कोण बोलणार," मेकॅनिक म्हणाला आणि पाना उचलला.

आता ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनाकडचं दातेरी चाक मोठं केलं आणि मागच्या चाकावरचं लहान केलं, की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत मागचं चाक जास्त फिरतं. म्हणजे वेग वाढला. कागदावर. कागदावर तर आमचा पगारही दर वर्षी वाढतो. पण चाक जास्त फिरवायचं तर ओढायला जास्त जोर लागतो, आणि तो जोर इंजिनातून यावा लागतो, टाकीवरच्या स्टिकरमधून नाही.

या शूरवीराने गाडीची परीक्षा कुठे घेतली? टेकडीवर एक मोठं हॉस्पिटल आहे, तिथून खाली लॅबकडे येताना. रुंद मोकळा रस्ता, सलग उतार, आणि त्या दिवशी वारा पाठीमागून. धापा टाकत माझ्या खिडकीशी आला, जसं काही गाडी नव्हे तर तोच पळाला होता.

"ताई, नव्वदच्या वर. काटा नव्वदच्या वर गेला. इंजिन ओरडलंसुद्धा नाही."

"नमुने सांडले नाहीत ना?"

"मी वेगाचं बोलतोय."

"मी लघवीचं बोलतेय. पेटी दे इकडे."

उतारावर गाडी खरंच पळायची, ते खोटं नव्हतं. तिथे ओढायचं काम उतारच करत होता. सपाटीवर मात्र समोरून जरा वारा आला की टॉपला गाडी गुदमरायची, मग याला तिसऱ्यावर यावं लागायचं. चार गिअरची गाडी घेऊन हा तीन गिअरवर हिंडायचा आणि चौथा टेकडीसाठी राखून ठेवायचा. आणि चढाला तर विचारूच नका. क्लचचा असा वास सुटायचा की मागून येणारे नाक धरायचे.

बायकोला हे पहिल्यांदा कळलं. तिचं माहेर चढावर. मागे ती, तिच्या मांडीवर धान्याची पिशवी, आणि अर्ध्या चढावर गाडी आचके द्यायला लागली.

"जरा उतरतेस?" सुसाट म्हणाला.

"का?"

"गाडीला वेग पकडू दे."

ती उतरली, पिशवी काखेत मारली आणि चालायला लागली. हा पहिल्या गिअरवर घरघरत वर पोचला तेव्हा ती फाटकाशी उभी राहून घाम पुसत होती. "पकडला का वेग," तिने विचारलं, "की निसटला हातातून?" हा किस्सा तिनेच मला सांगितला, आणि सांगताना दोनदा थांबून हसली.

इथवर सगळी गंमत होती. एखादा माणूस स्वतःच्या गाडीची माती करून घेतो, तो त्याचा प्रश्न. पण आमच्या कंपनीत कुणाची मूर्खपणाची हौस वाया जाऊ देत नाहीत.

आमच्याकडे नमुना दोनदा टिपला जातो. रायडर तो दवाखान्यात हातात घेतो तेव्हा त्याच्या फोनवर, आणि लॅबला पोचल्यावर माझ्या खिडकीत. त्या दोन टिपणांच्या मधला वेळ म्हणजे प्रवास. रायडर रिकामी पेटी घेऊन वर जातो तो वेळ कुठेच येत नाही. पेटी रिकामी असली की तिच्यासोबतचा माणूसही कंपनीला दिसत नाही.

साडूने कॉम्प्युटरवर सुसाटचा उतारावरचा वेळ बघितला आणि त्याचे डोळे लकाकले. त्याने तो वेळ घेतला, दुपटीने गुणला आणि जाहीर केलं की टेकडीची पूर्ण फेरी आजपासून एवढ्यात व्हायला हवी. उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच चढायला लागतो, हे या माणसाने खुर्चीत बसून ठरवलं. नोटीस लागली: तीनदा उशीर झाला की मार्ग काढून घेणार. आणि मार्ग गेला की काम गेलं, हे नोटिशीत न लिहिताही सगळ्यांना वाचता आलं.

शिवाय नोटिशीच्या खाली सुसाटचं नाव घालून 'आदर्श कर्मचारी' असं लिहिलं होतं. सुसाट चार दिवस कॉलर ताठ करून फिरला. साडूने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हा वरून सगळ्यांना हात हलवत राहिला.

पाचव्या दिवशी चष्मेवाले काका पडले. आमच्यातले सगळ्यात जुने रायडर. त्यांना दोनदा उशीर झाला होता, तिसऱ्यांदा होऊ नये म्हणून टेकडीच्या वळणावर त्यांनी कधी नव्हे ती गाडी भरधाव सोडली. खांद्याचं हाड तुटलं. नमुन्याची एक बाटली फुटली, आणि साडूचा पहिला फोन बाटलीबद्दल होता.

त्यानंतर सुसाटला कुणी चहाला हाक मारेना. तो टपरीवर आला की गप्पा थांबायच्या. मी त्याला खिडकीशी धरला.

"साडूला जाऊन सांग की वर जाताना तुझी गाडी चढत नाही. बायकोला उतरवून ढकलावी लागते."

"ढकलली नव्हती. ती चालत गेली."

"तेच सांग."

"आणि त्याच्यासमोर माझी काय किंमत राहील, ताई? आयुष्यभर जेवताना ऐकवेल."

"काकांच्या खांद्यात स्टीलची पट्टी बसवली. तुझ्या किमतीला काय बसवायचंय, सांग."

त्याने हेल्मेट घातलं आणि गेला.

मग मी मालकाच्या दारात पंधरा रायडर उभे केले आणि एकच मागणी ठेवली: ज्याच्या वेळेवर नियम केला त्यानेच पूर्ण फेरी करून दाखवावी, मागे सुपरवायझर बसून, हातात घड्याळ घेऊन. वेळेत झाली तर आम्ही गप्प बसू, नाही झाली तर नोटीस फाडायची. मालकाला ही करमणूक वाटली, तो हो म्हणाला. मी मनात खूश होते. साडूचं वजन मागे आणि तो चेनसेट. अर्ध्या चढावर साहेबांना बूट मळवत चालावं लागणार हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

सकाळी दोघे निघाले तेव्हा माझी नजर गाडीच्या मागच्या चाकाकडे गेली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. दातेरी चाक मोठं. जुनंच. चेनचा एक जोड नवाकोरा चमकत होता. या गाढवाने आदल्या दिवशी जुना चेनसेट परत बसवून घेतला होता. साडूसमोर चढावर गाडी थांबू नये म्हणून. पंधरा जणांची पोटं एकीकडे आणि याची मिशी एकीकडे, आणि याने मिशी निवडली.

वरून साडूचा फोन आला, सगळ्यांना ऐकू येईल असा. "चढलो. गाडीने चूं केलं नाही. अर्ध्यापेक्षा थोडाच जास्त वेळ लागला, तो उतारावर भरून निघेल." रायडर माझ्याकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, "ताई, तुम्हीच ही शर्यत लावलीत." मी त्याला उलट शिवी दिली. दुसरं काय देणार होते.

पण जुन्या चेनसेटवर उतारात काय होतं, हे मी रागात विसरले होते. गाडी पळते, इंजिन किंचाळतं, आणि एका वेगानंतर ते पुढे जातच नाही. रेकॉर्डची वेळ गाठायला चेनसेटही रेकॉर्डचाच हवा होता, आणि तो घरी पलंगाखाली पडलेला. दोघे आले तेव्हा वेळ केव्हाच उलटून गेली होती. साडू उतरला, केस उभे, चेहरा पांढरा. घड्याळ त्याच्याच हातात, त्यामुळे खोटंही बोलता येईना.

मालक बाहेर आला. साडूने घाम पुसला आणि सुसाटकडे वळला. "एवढाच वेग? त्या दिवशी मग कशी पळाली?"

सुसाट हँडल धरून तसाच बसलेला. खरं उत्तर त्याच्या जिभेवर होतं, मला त्याच्या गालांवरून दिसत होतं. 'मी गाडी तशी बनवली होती, माझी गाडी नव्वदच्या वर जाते', हे त्याला जगात सगळ्यांपेक्षा याच माणसाला सांगायचं होतं. आणि सांगितलं असतं तर साडूने लगेच म्हटलं असतं, उद्या सगळ्यांच्या गाड्यांना तोच चेनसेट बसवा, चढायचं मग तुमचं तुम्ही बघा.

"पळाली नव्हती," सुसाट म्हणाला.

"म्हणजे?"

"स्टिकर हॉस्पिटलमध्ये टिपलाच नव्हता. अर्धा उतार उतरून, झाडाखाली थांबून टिपला. वेळ कमी दिसावा म्हणून."

"रोज?"

"रोज."

मी आतून ओठ चावला. हॉस्पिटलची परिचारिका स्वतः समोर उभी राहून टिपून घेते, तिच्याशिवाय पाकीट हातात मिळत नाही. पण साडू आयुष्यात पहिल्यांदा त्या दाराशी गेला होता, आणि तेही गाडीवरून न उतरता.

साडूचा चेहरा आधी पडला आणि मग हळूहळू उजळला. ज्याच्या वेळेवर नियम केला तो माणूस लबाड निघाला, म्हणून नियम चुकला. त्याची स्वतःची अक्कल शाबूत राहिली. "साडूभाऊ," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मला वाटलंच होतं, त्या डबड्यात एवढा दम कुठला."

नोटीस त्याच दुपारी भिंतीवरून उतरली. जुनी वेळ परत लागली. सुसाटला लेखी ताकीद मिळाली आणि टेकडीचा मार्ग काढून घेतला. काम तेवढं राहिलं, आता तो बाजारपेठेच्या सपाटीवर फिरतो, सिग्नल ते सिग्नल. रायडरांतले अर्धे त्याला लबाड म्हणतात. चष्मेवाले काका तर त्याच्याशी बोलतच नाहीत. साडू गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीत गेला, म्हणून मी हे लिहू शकते.

याला कुणी त्याग वगैरे म्हणू नये. आदल्या दिवशी त्याने चेनसेट बदलला तो निव्वळ मिजाशीपायी, आणि आम्ही वाचलो ते त्या मिजाशीला उतार नडला म्हणून. पण नंतरचं ते एक वाक्य मात्र त्याच्या खिशातून गेलं, आणि तिथे फार नव्हतं.

त्या संध्याकाळी तो रिकामी पेटी ठेवायला खिडकीशी आला.

"ताई, तुला माहीत आहे ना, मी वरच टिपायचो?"

"माहीत आहे."

"आणि गाडी नव्वदच्या वर गेली होती. खरंच गेली होती."

"उतारावर."

"उतारावर," तो म्हणाला. "पण गेली होती."

मी म्हटलं, हो बाबा, गेली होती, आणि पेटी आत ओढून घेतली.