पूजेतला सम्राट

कॅनडात, नॉर्थ यॉर्कच्या आमच्या कॉन्डो इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त डॉक्टर राहतात. ते बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राटांची सोन्याची नाणी जमवतात आणि त्यांच्याविषयी इतक्या हळू बोलतात, जणू महाराज आतल्या खोलीत झोपलेत. नाण्याला कुणी बोट लावलेलं त्यांना खपत नाही. तरी दिवाळीत त्यांनी आपणहून एक आमच्या लक्ष्मीपूजनाला दिलं. बायकोने सवयीने ते चिंच-रांगोळीने लख्ख घासलं आणि सम्राटाचं नाक गेलं.

आम्ही माफी मागत नाणं डॉक्टरांना परत दिलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"वहिनी, याचं नाक शत्रूंनी खरंच कापलं होतं. टांकसाळीने मात्र शाबूत दाखवलं. तेराशे वर्षांनी तुम्ही खरं चित्र काढलंत."

मग नाणं डबीत ठेवत त्यांनी विचारलं, "यंदा चकली नाही केली?"