डोळे मिटून दिलेले हुकूम

माझ्या वरच्या मजल्यावर चार वडीलधारे राहतात. त्यांतला सगळ्यात थोरला एकवीस वर्षांचा आहे. मॉर्मन पंथाचे प्रचारक आहेत ते. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी पट्टी आणि तिच्यावर ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा. दोन वर्षं घरदार सोडून लोकांची दारं ठोठावायची, चहा-कॉफीला शिवायचं नाही आणि जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही. दोघादोघांच्या दोन जोड्या. एकाची दाढ दुखली की दुसरा धडधाकट दाढा घेऊन दातांच्या डॉक्टरकडे शेजारी बसून राहतो. जिन्यात बूट वाजवत नाहीत, म्हणून माझी तक्रार नाही.

एका सकाळी त्यांतल्या सगळ्यात धाकट्याला त्यांच्या अध्यक्षांचा फोन आला. आजपासून तू या चौघांचा प्रमुख. बिचारा जिन्यात येऊन बसला. मी केर काढत होते. सरक म्हटलं, तसा सरकला आणि म्हणाला, “आजी, तुम्ही बस डेपोत होतात ना? माणसं कशी सांभाळायची हो?”

हे मला विचारलं म्हणजे संपलंच. उभा जन्म मी ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्यूट्या लावल्या. रुसलेले, ढोसून आलेले, सासऱ्याशी भांडून आलेले, सगळे गाडीवर चढवले.

“सोपं आहे,” मी म्हटलं. “समोर उभं करायचं, डोळ्यांत बघायचं आणि सांगायचं.”

“आणि नाही ऐकलं तर?”

“पुन्हा सांगायचं. जरा मोठ्यानं.”

तो वर गेला. आमचं छत असं पातळ की वर कुणी उसासा टाकला तरी मला खाली कळतं. “तुला जमत असेल तर, म्हणजे इच्छा असेल तर, नाहीतर राहू दे, पण ती भांडी…” एवढं ऐकू आलं आणि मग भांडी घासल्याचा आवाज. तोच घासत होता. आठवडाभरात तो चौघांची भांडी घासायला, चौघांचे शर्ट धुवायला आणि चार सायकलींची पंक्चरं काढायला लागला, एकटा. मी त्याचं नाव म्होरक्या ठेवलं.

त्यात दुसऱ्या जोडीचं फाटलं. एक ताडमाड उंच, त्याला मी उंट म्हणते. दुसरा चष्मेवाला, म्हणून चष्मा. दारोदार जाताना त्यांचा नियम ठरलेला असतो, एक दार तुझं, एक दार माझं. ज्याचं दार त्यानं बोलायचं. लोक बहुधा “नको” म्हणतात आणि दार लावतात, त्यामुळे भांडायला जागाच नसते. पण एके दिवशी एका म्हाताऱ्यानं दार उघडून चक्क विचारलं, “मेल्यावर माणसाचं काय होतं हो?” इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी काही विचारत होतं. दार चष्म्याचं होतं. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात उंटानं उत्तर देऊन टाकलं, सविस्तर.

तेव्हापासून चष्मा उंटाशी बोलेना, आणि मग उंटही हट्टाला पेटला. पण नियमाप्रमाणे चिकटून राहायचंच. सायकली शेजारी, ताटं शेजारी, तोंडं दोन दिशांना.

मात्र प्रार्थना दिवसातून पाच-सात वेळा. गुडघे टेकून, डोळे मिटून एकानं मोठ्यानं बोलायचं आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं.

“हे स्वर्गीय पित्या,” एका सकाळी उंटाचा आवाज आला, “या सुंदर दिवसाबद्दल आभार. आणि माझ्या जोडीदाराच्या सायकलचं मागचं चाक बसलंय, हे त्याला कळू दे.”

“आमेन,” चष्मा म्हणाला आणि पंप घेऊन खाली आला.

दुपारी चष्म्याचा नंबर. “हे स्वर्गीय पित्या, ज्यानं माझा टॉवेल ओला केला त्याला क्षमा कर. त्याचा स्वतःचा दाराच्या मागे आहे, पट्ट्यापट्ट्यांचा.”

मी रेडिओ लावायचा सोडून दिला.

हे ऐकून म्होरक्याला वाट सापडली. ज्या पोराच्या तोंडून “भांडी घास” निघत नव्हतं, तो डोळे मिटले की वाघ व्हायचा. कुणी कोणती गल्ली घ्यायची, दूध कुणी आणायचं, सगळं देवाच्या कानावर घालायचा. “आणि डावीकडच्या गल्लीतल्या कुत्र्यापासून आमचं रक्षण कर, नाहीतर आम्हाला उजवीकडून जायची बुद्धी दे. चौथ्या भावाला भांड्यांची ओढ लाव.” आमेन झालं की चौथा मुकाट्यानं मोरीकडे.

मी त्याला जिन्यात गाठलं. “अरे, तो देव आहे, माइक नाही.”

“पण आजी, कामं होतायत ना.”

होत होती. आणि बोलल्यावर माझीच मला लाज वाटली. डेपोत मी काचेच्या केबिनमध्ये बसून माइकवरून गरजायचे. डोळ्यांत बघून मी कुणाला काय सांगितलं होतं? काच मध्ये होती म्हणून तर आवाज फुटायचा.

सुट्टीच्या दिवशी चष्मा बॅग घेऊन खाली आला. मागोमाग बाकीचे तिघे. निघाला होता घरी, मुदत अर्धी टाकून. परत गेला की गावातला प्रत्येक जण जन्मभर विचारणार, लवकर का आलास, हे चौघांनाही ठाऊक होतं. टॅक्सी बोलावलेली होती. निघण्याआधी प्रार्थना हवीच, म्हणून मी माझ्या बैठकीत जागा करून दिली आणि चौघे गुडघ्यांवर बसले.

“हे स्वर्गीय पित्या,” म्होरक्यानं सुरू केलं, “आमच्या या भावाला थांबायची इच्छा होऊ दे. त्याच्या मनातला राग…”

“हे स्वर्गीय पित्या,” चष्म्यानं मध्येच तोडलं. प्रार्थनेत असं मध्ये बोलत नाहीत. “आमच्या प्रमुखाला जे मला सांगायचंय ते त्यानं मला सांगावं. तुला नको. आमेन.”

कुणीच आमेन म्हटलं नाही, म्हणून मीच म्हटलं.

म्होरक्यानं डोळे उघडले. कान लाल झाले होते. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी काही मदत केली नाही, मला रडू येत होतं.

“जाऊ नकोस,” तो चष्म्याला म्हणाला. “थांब. मला जमत नाहीये, आणि तू गेलास तर मुळीच जमणार नाही.” मग उंटाकडे वळला. “आणि तू. ते दार त्याचं होतं. तू चुकलास.”

“चुकलो,” उंट गुडघ्यांवरूनच म्हणाला, थेट चष्म्याकडे बघून. “पुढची सगळी दारं तुझी.”

“कुणी विचारणार आहे का पुन्हा काही?” चष्मा म्हणाला. हात बॅगेवरच होता.

तेवढ्यात दार वाजलं. घर माझं, तरी सवयीनं उंटच पुढे झाला आणि त्यानं उघडलं. बाहेर टॅक्सीवाला, वैतागलेला.

“किती वेळ थांबू? कुणी जाणार आहे का नाही?”

उंटानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो बाजूला झाला.

“दार तुझं आहे,” तो चष्म्याला म्हणाला.

चष्मा उठला, टाय नीट केला आणि दारात जाऊन उभा राहिला.

“नाही,” तो म्हणाला. “कुणीच जाणार नाही.”