एकाच घरावर दोनदा कर

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी घर घेण्याची गोष्ट काढली की मला कर्नाटकातल्या मारतहळ्ळीची ती केस हटकून आठवते. माझ्या नोकरीच्या अखेरच्या काही वर्षांतली. नावे लिहीत नाही.

सुरुवात एका फोनने झाली. पोलीस ठाण्यात सकाळची हजेरी चालू होती. पलीकडच्याने नाव सांगितले नाही. एक एजंट नोंदणीच्या कामात गिऱ्हाइकांकडून दुप्पट कर घेतो आणि शुक्रवारी नागपूरच्या एका जोडप्याची पाळी आहे, एवढे बोलून त्याने त्यांचा पत्ताही दिला. इतकी बारीक माहिती धंद्यातल्या दुसऱ्या एजंटाकडेच असते. मत्सराने मला जितके चोर पकडून दिले, तितके सचोटीने दिले नाहीत.

मी साध्या साडीत त्या जोडप्याच्या भाड्याच्या घरी गेले. दोघे आयटीतले, तिशीच्या आतले. गृहकर्ज मंजूर होते, पण मुद्रांक शुल्काचे पैसे बँक देणार नव्हती. ते स्वतः उभे करायचे होते. एजंटाने अंदाज काढून दिला होता: ठरलेल्या किमतीवर एक शुल्क आणि ‘गायडन्स व्हॅल्यू’वर दुसरे. गायडन्स व्हॅल्यू म्हणजे त्या भागासाठी सरकारने ठरवलेला किमान दर. महाराष्ट्रात त्यालाच रेडी रेकनर म्हणतात. नाव ओळखीचे नसल्याने दोघांना तो कर्नाटकातला वेगळाच कर वाटला. खरा नियम साधा आहे. दोन रकमांपैकी जी मोठी, तिच्यावर एकदाच शुल्क.

निम्म्याहून जास्त पैसे त्यांनी दिले होते. उरलेले वेळेत दिले नाहीत तर शुक्रवारची नोंदणी हुकणार आणि घर विकणारा करारानुसार बयाणा ठेवून घेणार, असे एजंटाने बजावले होते. म्हणून मुलीचे वडील नागपूरला निवृत्तीची ठेव मोडायला निघाले होते.

“मॅडम, तुमचा गैरसमज होतोय,” मी नियम सांगितल्यावर ती म्हणाली. “एजंटकाका आपले आहेत. या शहरात आमच्याशी मराठीत बोलणारे तेच पहिले. घरी जेवायला बोलावलं होतं त्यांनी.”

“काय होतं जेवायला?”

“पुरणपोळी.”

“फार महाग पडली.”

नवऱ्याला हसू आले, आणि तो फिर्याद द्यायला तयार झाला.

गुरुवारी सकाळी एजंट आमची नोटीस घेऊन ठाण्यात हजर झाला. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर काळजी नाही. माझी महिला हवालदार मंड्याकडची. तिने कानडीत जबाब घ्यायला सुरुवात केली. त्याचे एकच पालुपद. नियम समजण्यात चूक झाली, जास्तीचे पैसे परत देणारच होतो, हिशेब चुकला म्हणून कोणी तुरुंगात जातो का? कायद्याने त्याचे बरोबर होते. फसवणुकीत हेतू सिद्ध करावा लागतो. दुपार झाली तरी तो तसूभर हलला नाही.

“मॅडम, याला स्वल्प माझ्यावर सोडा,” हवालदार म्हणाली.

“नको. चहा सांग.”

चहा आल्यावर मी त्याला मराठीत विचारले, “तुम्ही खानापूरकडचे काय?”

त्याने मान वर केली. “अक्का, तुम्ही आपल्यातल्या? आधी सांगायचं की.”

“माझं माहेर बेळगाव.”

मग तिथल्या बाजाराच्या, गोड कुंद्याच्या गोष्टी निघाल्या. तो खुर्चीत सैल बसला. मी म्हणाले, “निवृत्तीनंतर होसकोटेकडे लहानसा प्लॉट घ्यावा म्हणतो आम्ही. वरखर्चाचा अंदाजच येत नाही.” हे खोटे नव्हते. तुमचे आजोबा तेव्हा दर रविवारी प्लॉट बघत फिरत होते.

“किंमत किती? आणि गायडन्स व्हॅल्यू?”

मी दोन्ही सांगितल्या.

“किंमत मोठी हाय. मग तीच धरायची, दुसरी सोडून द्या.” डोळे मिटून त्याने मुद्रांक शुल्क, वरचे उपकर, नोंदणी फी, सगळे तोंडी मिळवले आणि रुपयापर्यंत आकडा सांगितला. “याच्या वर कोण मागितला तर देऊ नका, अक्का. मी माझ्या प्लॉटला असंच भरलोय दोन वर्षांमागं.”

“मग नागपूरच्या पोरांना दोन्ही धरायला का लावलंत?”

त्याने कप खाली ठेवला. “सरी,” म्हणजे ठीक आहे, असे कानडीत म्हणून त्याने फोनवरची पावती समोर धरली. पोरांनी दिलेल्या पैशांतूनच सरकारी शुल्क पुरते भरून झाले होते. तो मागत होता ती निव्वळ कमाई.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही. म्हणून त्याच संध्याकाळी त्याच्या स्वतःच्या प्लॉटच्या दस्ताची प्रमाणित प्रत मागवली. शुल्क एकाच रकमेवर, अगदी बिनचूक. नियम त्याला आधीपासून ठाऊक होता, आणि हेतू सिद्ध करायला तेवढे पुरले. जुनी गिऱ्हाइकेही पुढे आली. त्याला शिक्षा झाली.

त्या संध्याकाळी कोठडीकडे जाताना तो म्हणाला, “अक्का, तुम्ही मराठीत बोलला नसता तर मी तोंड उघडलो नसतो.”

“तुम्हीही बोलला नसता, तर त्या पोरांनी पैसे दिले नसते.”

शुक्रवारी नोंदणी ठरल्या वेळी झाली. मुलीचे वडील ठेव न मोडता आले, संत्रा बर्फीचा डबा घेऊन. अख्ख्या ठाण्याने ती खाल्ली.

तुम्ही दूर देशांत राहता. तिथेही कोणी आपल्या भाषेत हाक मारील. त्याच्याकडे जरूर जेवा. पण त्याने आकडा सांगितला की विचारा, “कशावर?” आणि उत्तर दुसऱ्या ठिकाणी पडताळून बघा. त्या पोरांनी हा एक प्रश्न विचारला असता तर मला वर्दी उतरवून साडीत जावे लागले नसते.

होसकोटेचा तो प्लॉट आम्ही त्याच वर्षी घेतला. शुल्क त्या एजंटाने सांगितले होते तेवढेच लागले, रुपयाचाही फरक नाही.