उशिरा बोलणारे फोन

फोन हातात घेतला की काका तो कानाजवळ नेत, डोळे मिटत आणि बोटाने काचेवर एकदा टकटक करत. बाजारात माठ पारखतात तसं. मग मान हलवून म्हणत, "हा उशिरा बोलतो."

शाहपुऱ्यातल्या मोबाइलच्या दुकानात मी काउंटरवर काम करते. ग्राहक पाहून तो काय विचारणार हे मला आधीच कळतं, असा माझा समज होता. कॅमेरा कसा आहे, बॅटरी किती चालते, हप्ते किती. काका पहिल्या दिवशी आले तेव्हा इथल्या सगळ्यांसारखे हिंदीतच बोलत होते. तेवढ्यात मला आईचा फोन आला. मी तिच्याशी मराठीत बोलले आणि ठेवला, तर काकांचा चेहरा उजळलेला.

"इंदूरची का तू, बेटा?"

"हो. तुम्ही?"

"नागपूर. नोकरीपायी इथे आलो, इथलाच झालो. हे बघ, मला एक फोन हवाय. गाणी ऐकायला नको. करायला हवा."

सत्तरीचा माणूस, कारखान्यात आयुष्यभर लेथ चालवलेला, शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर. मला वाटलं, नातवासाठी असेल. मी सगळ्यात महागडा फोन पुढे केला आणि त्यात पेटीसारखे सूर वाजवायचं अॅप उघडून दिलं. काकांनी एक पट्टी दाबली, डोळे मिटले.

"बोट आधी पोचतं, आवाज मागून येतो."

मला काही फरक कळेना. मी पुन्हापुन्हा दाबून पाहिलं. मग कान देऊन ऐकलं तेव्हा जाणवलं, खरंच, केसाएवढं अंतर होतं. बिनतारी हेडफोन लावून दिले, तर म्हणाले, "हा तर थेट नागपूरहून बोलतोय." चाळीस वर्षं मशीनचा आवाज ऐकून पात्याची धार ओळखणारा कान होता तो. त्याला माझ्या फोनच्या जाहिराती काय सांगणार?

पाच दिवस रोज अकराला ते येत. घाई करत नसत, चहा दिला तर संकोचाने घेत. दुकानाचे मालक हसून म्हणायचे, "काकाजी तो इंटरव्ह्यू ले रहे हैं सबका." सहाव्या दिवशी ते काकूंना घेऊन आले, आणि मग आम्ही कोणी हसलो नाही.

काकूंना वर्षापूर्वी पक्षाघात झाला होता. उजवा हात पदरात निजल्यासारखा. सगळं समजत होतं, पण शब्द निघत नव्हते. कशालाही "हो" एवढंच. मी विचारलं, "पाणी देऊ काकू?" त्या म्हणाल्या, "हो." पेला पुढे केला तर त्यांनी मान हलवली. त्यांना पाणी नको होतं. 'नको' म्हणता येत नव्हतं.

काकांनी हळू आवाजात सांगितलं, "बोलणं गेलं, पण गाणं राहिलंय. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, मेंदूत गाण्याची जागा वेगळी असते. छोटी वाक्यं दोन-तीन सुरांत बांधून म्हणवून घ्या, हळूहळू शब्द येतील. आता ही आयुष्यभर गायली. मी कधी आरतीसुद्धा सुरात म्हटली नाही. मी म्हणून दाखवलं तर ही कपाळाला हात लावते. म्हणून सूर फोनमधून हवेत. आणि बोट टेकल्यावर आवाज लगेच नाही आला, तर हिचं वाक्य तिथेच तुटतं."

मी काउंटरवर सात फोन ओळीने मांडले. काकू डाव्या हाताने एकेक पट्टी दाबत गेल्या. चौथ्या फोनवर त्यांचं बोट थांबलं. एक सूर, मग दुसरा, मग तिसरा. ओठ हलले, आणि त्या सुरांवर, अगदी बारीक पण स्वच्छ आवाजात शब्द आले, "च-हा दे."

मालकांनी स्वतः जाऊन चहा आणला. फोन मधल्या किमतीचा, गेल्या वर्षीचा, पण रुंद होता आणि हेडफोनची तार लावायला त्याला भोक होतं. काका म्हणाले, "हाच."

पुढे काही अडलं की ते मला बोलवत. माझी खोली बाग सेवनिया वस्तीत, त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून. काकांनी चाली बांधायला घेतल्या होत्या. 'दिवा लाव', 'पाठ दुखते', 'दार कोणी वाजवलं'. वहीत मात्रा मोजून लिहायचे, मग फोनवर एका बोटाने वाजवून साठवायचे. वाक्य लांबलं की कापायचे. "अर्धं सूत जास्त झालं," लेथवरच्या मापात म्हणायचे.

एका संध्याकाळी मी गेले तर ते नवी चाल स्वतः म्हणून दाखवत होते. काकू ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी डावा हात वर केला आणि कोणी न शिकवलेलं वाक्य, स्वतःच्या चालीत म्हणाल्या, "अहो, पु-रे करा."

काकांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिले. मग मला म्हणाले, "ऐकलंस ना? रागावली माझ्यावर." एवढ्या आनंदाने कोणी बायकोचं रागावणं सांगितलेलं तुम्ही ऐकलं नसेल, मीही नाही.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. हृदयाचं दुखणं त्यांना बरेच महिने होतं, त्यांनी आम्हाला कळू दिलं नव्हतं. मुलगी नागपूरहून आली, काकूंना चल म्हणाली. काकू गेल्या नाहीत.

त्यानंतर महिन्याभराने, दुपारी, दुकानासमोर ऑटो थांबली आणि काकू एकट्या उतरल्या. फोन चार्ज होत नव्हता. मी तो साफ करून सुरू केला, चाली शाबूत आहेत का पाहायला यादी उघडली. घरातली सगळी वाक्यं होती. त्यांच्याखाली शेवटच्या महिन्यांतली नवी नावं होती. ऑटो. दुकान. बँक. दवाखाना. ती सगळी हिंदीत बांधलेली. काकूंना घरात हिंदीची गरज कधीच नव्हती.

मी 'दुकान' वाजवणार, तेवढ्यात त्यांनी हाताने मला थांबवलं. काउंटरवर तेव्हा मालकांनी नवीन ठेवलेला सेल्समन उभा होता. तो घाईत विचारत होता, "क्या चाहिए, आंटी? चार्जर? कवर?" काकूंनी श्वास घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि तीन सुरांत म्हणाल्या, "मैं बोल सकती हूँ. थोड़ा रुकिए."

तो गोंधळला. मग हातातला चार्जरचा खोका खाली ठेवून उभा राहिला. काकू पुढचा शब्द शोधत होत्या. बाहेर ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं होतं आणि तो निवांत त्यांची वाट पाहत होता.